रंगाऱ्याच्या आधी

घर विकायचे ठरले की पहिला निरोप जातो तो रंगाऱ्याला. भिंती खरवडल्या जातात, ओल आलेल्या जागी पुट्टीचे दोन हात चढतात, खिडक्यांना नवा रंग लागतो आणि पंधरवड्यात साठ वर्षांचे घर वीस वर्षांचे दिसू लागते. यात मुळात वावगे काही नाही. पाहुणा येणार म्हणून अंगण झाडावे, सडा घालावा, तसेच हे. प्रश्न उरतो तो त्या रंगाखाली काय आहे हा. ओल कोठे होती, कोणत्या स्विचला हात लावताना झिणझिण्या येतात, कोणती चौकट पोकळ झाली आहे, हे सारे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. घराच्या व्यवहारातील सगळी जोखीम या एका फरकात साठलेली असते.

सांगलीच्या जुन्या वस्तीतील, कृष्णेपासून फार दूर नसलेले एक घर डोळ्यांसमोर आणावे. ते कोणा एका कुटुंबाचे नाही. नदीकाठच्या गावांतून आपल्या समाजाची जी जुनी घरे आज विक्रीला निघत आहेत, त्यांवरून ते रेखाटलेले आहे. दगडी जोते, मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती, पुढे सोपा, आत माजघर, वर लाकडी माडी आणि मंगळुरी कौले. मागे परडे, परड्यात आड. माजघरात लाकडी देव्हाऱ्यात छोटे गृहचैत्यालय. घरात आण्णा आणि आई दोघेच. आण्णांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी इचलकरंजीला दिलेली. जिना चढवत नाही, आडाचे पाणी शेंदवत नाही, म्हणून घर विकून पुण्याला मुलाजवळ जायचे ठरते.

मुलगा शनिवार-रविवार येऊन घर पाहतो आणि म्हणतो, "आण्णा, सगळ्या घराला एकदा रंग देऊन टाकू. दोन महिन्यांत गिऱ्हाईक लागेल."

आण्णा सोप्याच्या भिंतीकडे पाहत विचारतात, "आणि ह्या रेघेचं काय करायचं?"

ती रेघ २०१९ च्या ऑगस्टमधली. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर सोप्याच्या भिंतीवर जमिनीपासून चार फुटांवर गाळाची तपकिरी रेघ राहिली. पुढे दोनदा चुना लावूनही ती पुसट दिसतेच. मुलाचे म्हणणे असे की चांगल्या प्रतीचा रंग लावला तर ती दिसणार नाही. आण्णांचे म्हणणे असे की ती न दिसणे हेच वाईट.

बापलेकांतील हा मतभेद क्षुल्लक नाही. मुलाच्या बाजूलाही सत्य आहे. आईवडिलांच्या पुढच्या आयुष्याची, औषधपाण्याची तजवीज या एका व्यवहारावर अवलंबून आहे. किंमत चार लाखांनी पडली तर ती झळ त्यांनाच सोसावी लागणार. उलट आण्णांच्या बाजूने केवळ भाबडेपणा उभा आहे असेही नाही. तेथे कायदाही उभा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विकणाऱ्यावर असे बंधन घालते, की मिळकतीतील अथवा तिच्या मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि सामान्य सावधगिरीने पाहूनही त्याच्या लक्षात येण्याजोगा नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. असा दोष सांगितला नाही तर कायदा त्याला कपट समजतो. म्हणजे उघड्या डोळ्यांना दिसणारी तडे गेलेली फरशी वेगळी आणि पुट्टीखाली दडवलेला तडा वेगळा. गमतीची गोष्ट अशी की रंगाऱ्याचे काम दोषाला पहिल्या वर्गातून उचलून दुसऱ्या वर्गात नेऊन ठेवते.

श्रावकाला हे नवे नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत सत्याणुव्रताला लागणारी कूटलेखक्रिया आहे आणि अचौर्याणुव्रताला लागणारा प्रतिरूपकव्यवहार आहे. खोटा दस्त करणे आणि हलके ते भारी म्हणून खपवणे, असा त्यांचा ढोबळ अर्थ. तुपात भेसळ करणार नाही असा नियम पिढ्यान् पिढ्या पाळणारी घरे मिळकतीच्या व्यवहारात मात्र "सगळेच करतात" म्हणून सैल होतात, हे मान्य करायला हवे.

तेव्हा विक्रीपूर्वी घर तयार करायचे म्हणजे काय, याचे उत्तर रंगाऱ्याकडे नसून त्याच्या आधी बोलावायच्या तीन माणसांकडे आहे: बांधकामाची पाहणी करणारा अभियंता, परवानाधारक वायरमन आणि सुतार.

अभियंत्याने प्रथम पाहायचे ते भिंतींकडे. मातीत बांधलेल्या भिंतीत पुराचे पाणी दिवसचे दिवस राहिले की सांध्यांतील माती सुटते, कोपरे दुबळे होतात, भिंतीला मध्यावर फुगवटा येतो. ओळंबा लावला की हे कळते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा सरळ उभ्या बारीक भेगेपेक्षा अधिक काळजीचा. तडा जुना व स्थिरावलेला आहे की अजून वाढतो आहे, हे ओळखण्याची एक साधी, स्वस्त रीत बांधकामातली मंडळी वापरत आली आहेत: तड्यावर आडवी पातळ काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची आणि बाजूला तारीख लिहायची. दोन-तीन महिन्यांत काच फुटली तर भिंत हलते आहे. काच शाबूत राहिली तर ती तारीखच घेणाऱ्याला दाखवता येते. कोणत्याही रंगापेक्षा अधिक बोलका पुरावा तो.

दख्खनच्या दगडमातीच्या घरांविषयी तर हलगर्जी मुळीच परवडणारी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप जुन्या लोकांच्या स्मरणात आहेत. किल्लारीच्या परिसरात जाडजूड दगडी भिंती आणि माथ्यावर मातीचे जड धाबे हीच घरे माणसांच्या अंगावर आली. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसले की थर अलग होतात आणि भिंत पोटातून फुटते. ज्यांच्या घराला असे धाबे आहे, त्यांनी रंगाचा खर्च बाजूला ठेवून त्याचा भार हलका करण्याविषयी आणि भिंतींना कोपऱ्यांत बांधून घेण्याविषयी अभियंत्याचा सल्ला आधी घ्यावा. आण्णांच्या घरावर कौले आहेत, म्हणून तो प्रश्न तेवढा तीव्र नाही. तेथे फुटकी कौले बदलणे, सडलेले वासे काढणे आणि पन्हाळी दुरुस्त करणे एवढ्यावर भागते.

ओलीबाबत एक समजूत फार पसरली आहे, ती अशी की जुन्या भिंतीला सिमेंटचा पक्का गिलावा आणि वरून प्लास्टिक रंग दिला की ओल बंद होते. ओल बंद होत नाही, कोंडली जाते. मातीची भिंत श्वास घेणारी. जमिनीतून चढलेले पाणी तिच्या पृष्ठभागातून उडून जाते. सिमेंटने तो मार्ग बुजवला की पाणी आतल्या आत वर चढते, माती मऊ करते आणि दोन-तीन वर्षांत गिलाव्याचे पोपडे घेऊन बाहेर पडते. तोवर घर विकलेले असते, हा भाग निराळा. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी हाच उपाय योग्य. त्याआधी परड्यातील पाणी जोत्याकडे न येता बाहेर वाहून जाईल असा उतार काढावा. हे फावड्याचे काम आहे, पण निम्मी ओल त्यानेच जाते.

या कामांना काळ कोणता? आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास सुरू होतो आणि पूर्वीची माणसे त्या काळात खणणे, पाडणे, माती उकरणे टाळीत, कारण पावसाने जमीन सूक्ष्म जीवांनी भरलेली असते. बांधकामाच्या दृष्टीनेही तो काळ प्रतिकूलच; ओल्या भिंतीवर गिलावा धरत नाही. मात्र घर गळते कोठे हे पावसाळाच दाखवतो. म्हणून पावसाळ्यात वही घेऊन पाहणी करावी, कोणत्या खोलीत कोणत्या कोपऱ्यात पाणी येते ते लिहावे आणि कार्तिकानंतर काम काढावे. फाल्गुनापर्यंत भिंती वाळतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी घर पाहायला माणसे येऊ लागतात. धर्माचे पंचांग आणि गवंड्याचे पंचांग येथे चांगले जुळते.

वायरमनचा विषय अधिक निकडीचा. आण्णांच्या घरात अजून लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी आहेत, मीटरखाली चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत आणि वितळलेल्या फ्यूजच्या जागी कोणी तरी कधी तरी जाड तार बांधली आहे. फ्यूज वारंवार जात होता, म्हणून. तो का जात होता हे कोणी विचारले नाही. अशा घरात वायर तापते, तिचे आवरण कडक होऊन गळते आणि लाकडी तक्तपोशीला लागून ठिणगी पडते. त्यात २०१९ ला सारे बोर्ड पाण्याखाली होते. ते वाळवून पुन्हा सुरू केले इतकेच.

येथे अर्धवट काम करू नये. नव्या वायरी, नीट अर्थिंग आणि मुख्य फळीवर एमसीबीबरोबर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, इतके किमान हवे. एमसीबी वायरीला वाचवते. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. ओल्या भिंतीतून किंवा बिघडलेल्या गिझरमधून थोडा जरी प्रवाह जमिनीकडे निसटू लागला, तरी ती क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावर चाचणीचे एक छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. अर्थिंग नसेल तर गळती आधी लक्षात येत नाही, माणसाचा हात लागल्यावरच कळते. म्हणून आरसीसीबी बसवली आणि अर्थिंग पुढे पाहू असे म्हणू नये. काम संपल्यावर वायरमनकडून मेगरची चाचणी करून घ्यावी, तिचा लेखी अहवाल घ्यावा आणि कोणती कळ कोणत्या खोलीची हे फळीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत चिकटवून ठेवावे. नव्या घरमालकाला रात्री बॅटरी घेऊन धडपडायला लागू नये.

पुराच्या गावात आणखी एक काम. तळमजल्याची आणि माडीची वीज वेगवेगळी करावी, म्हणजे पाणी आत येऊ लागले की खालची तोडून वरची सुरू ठेवता येते. सोप्यातील आणि माजघरातील सॉकेट पाण्याच्या खुणेच्या एक फूट वर घ्यावेत. आणि ती खूण नेमकी कोठे होती? आण्णांच्या सोप्यात वायरमनने पट्टी लावून मोजले ते त्याच तपकिरी रेघेपासून. ज्या रेघेवर रंग फासायचा होता, तिच्यावरून पाच फुटांची उंची ठरली. मुलगा तेव्हा काही बोलला नाही, पण रंगाचा डबा मात्र त्याने दुकानात परत दिला.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांचे थोडक्यात. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. बहुतेक घरांत ती पुसून वापरली जाते. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून स्वयंपाकघराला वरच्या झरोक्याबरोबर खालीही हवेला वाट हवी. गळतीचा वास आला तर कोणतीही कळ न दाबता, आहे ते तसेच ठेवून, दारे उघडून बाहेर पडावे. १९०६ हा तक्रारीचा क्रमांक फळीशेजारी लिहून ठेवावा. न्हाणीघरातील गॅसगिझर ही तर खरोखरीची घातक वस्तू. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. स्नान करणाऱ्याला गुंगी येते आणि तो उठत नाही. असा गिझर काढून बाहेरच्या मोकळ्या हवेत बसवावा, नाहीतर काढूनच टाकावा. विकताना "गिझरसह" असे लिहिण्याच्या मोहापायी तो ठेवू नये.

जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, न्हाणीघरात धरायला दांडा, माडीच्या सज्ज्याचे गज चार इंचांपेक्षा जास्त अंतरावर नसणे, खिडकीच्या लोखंडी जाळीत आतून उघडणारी एक झडप, ही कामे स्वस्त आणि चटकन होणारी. बहुतेक घरांत ती कोणी पडल्यानंतर होतात.

आडाविषयी मात्र थोडे थांबावे लागते. आण्णांच्या घरी अजून पाणी गाळून घेतात आणि गाळण्यातील जिवाणी पुन्हा आडातच सोडतात. आडाचे तोंड म्हणून नेहमी उघडे राहिले. आईंचा जन्म त्यातच गेला. त्यांना आडाच्या काठाची भीती नाही. पण घर घ्यायला येणारे लहान मुलाबाळांचे असेल. अभियंत्याने काँक्रीटचा स्लॅब टाकून आड बंद करण्याचे सुचवले. आईंनी ते मानले नाही. "गाळलेलं पाणी कुठं सोडायचं मग? आणि आडातले जीव कोंडून मारायचे का?" शेवटी लोखंडी जाळी, तिला बादली जाईल एवढे बिजागरीचे झाकण आणि झाकणाला कुलूप, असा तोडगा निघाला. हवा खेळती राहिली, मूलही पडणार नाही. जुन्या आचाराची आणि नव्या सुरक्षेची सांगड घालायला बहुधा एक चांगला लोहार पुरतो.

राहता राहिली वाळवी, आणि जैन घरात खरा पेच हाच. सुताराने माजघराच्या चौकटीवर बोटाने टकटक केले तेव्हा आवाज पोकळ आला. खालच्या वीतभर लाकडाचा आत भुसा झालेला. भिंतीवरून मातीची बारीक नळी वर चढलेली, म्हणजे जमिनीतून येणारी वाळवी. कीडनियंत्रण करणाऱ्यांचा उपाय ठरलेला असतो: भिंतीलगत जमिनीला ओळीने भोके पाडून त्यांतून औषध जिरवायचे. मुंगीप्रमाणेच वाळवी हा तीन इंद्रियांचा त्रस जीव, आणि औषधाने होतो तो वारुळाचा समूळ संहार.

गृहस्थाला आरंभी हिंसा सर्वस्वी टळत नाही, हे शास्त्राने मान्य केले आहे. संकल्पी हिंसा मात्र त्याने सोडायचीच असते. औषध फवारणे यांतल्या कोणत्या घरात बसते, यावर मंडळींची मते निरनिराळी पडतात. कोणी म्हणते, राहते घर वाचवण्यासाठी केलेले ते आरंभात मोडते. कोणी म्हणते, मारण्याच्याच हेतूने विष आणले, मग संकल्प आणखी कशाला म्हणायचे? हा निर्णय प्रत्येक घराने आपल्या गुरुजनांना विचारून घ्यावा. पण निर्णयाआधी करण्यासारखे पुष्कळ असते, आणि घाईत तेच राहून जाते.

वाळवीला हवी असते ओल आणि मातीपासून लाकडापर्यंत वाट. या दोन गोष्टी काढून घेतल्या की तिचे त्या घरातले काम बव्हंशी संपते. सडलेली चौकट जमिनीत गाडलेली होती. तिचा खालचा भाग कापून दगडी तळखडा बसवावा, किंवा सारी चौकटच दगडाची करावी. परड्यातील भिंतीला टेकून रचलेली जुनी फळकुटे, जळण, रद्दी हलवावी. न्हाणीचे पाणी जोत्यात मुरते ते बंद करावे. मातीच्या नळ्या कोरड्या झाल्या की जीव आपणहून जमिनीत परततात. यात वेळ लागतो, आणि काढलेले लाकूड जाळून न टाकता गावाबाहेर नेऊन ठेवण्याचा त्रास घ्यावा लागतो. आण्णांकडे हेच झाले. औषध न घालण्याला तेथे आणखी एक व्यावहारिक कारण होते, ते म्हणजे आड. जमिनीत जिरवलेले विष पंधरा फुटांवरच्या पाण्यात उतरणार नाही याची हमी कोण देणार?

मात्र एक पळवाट या प्रकरणात फार सोयीची असते. आपण औषध घालायचे नाही, वाळवी आहे हे सांगायचेही नाही. घर विकले की नवा मालक काय करील ते करील. विष घालण्याचे काम दुसऱ्याच्या हातून करवून घेऊन आपले व्रत शाबूत राहिले, असे समजण्यासारखे ते आहे. त्यात हिंसाही टळत नाही आणि असत्य मात्र पदरी पडते. वाळवी होती, काय केले, काय केले नाही, पुढच्या दोन पावसाळ्यांत कोठे लक्ष ठेवायचे, हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगणे हाच त्यातला सरळ मार्ग.

ज्यांची घरे सदनिकांत आहेत त्यांचे प्रश्न याहून वेगळे. तेथे भिंतीपेक्षा संस्थेचे दप्तर आधी पाहावे. इमारतीने तिशी ओलांडली असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल घेणारा मागणारच. आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हायची असते. उंच इमारतीत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचे असते. विक्री ठरण्याआधी संस्थेच्या सभेत हे प्रश्न विचारावेत. विकून जाणाऱ्या सभासदाने असे काही काढले की इतर सभासद वैतागतात, हेही खरे. पण पुढे राहायचे त्यांनाच असते.

सर्व कामांची बिले एका फाइलीत ठेवावीत. मिळकत पत्रिका, घरपट्टीच्या पावत्या आणि वारसांच्या संमतीबरोबर हीही कागदपत्रे उपयोगी पडतात. भांडवली नफ्याचा हिशेब करताना घरात केलेल्या टिकाऊ सुधारणेचा खर्च धरता येतो, नेहमीच्या रंगरंगोटीचा सहसा धरता येत नाही. कोणता खर्च कशात बसतो हे सनदी लेखापालाला विचारावे. समाजातील बहुतेक घरांत निदान एक तरी सापडतोच.

नदीकाठच्या मिळकतीला पूररेषेचा दाखला जोडावा. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते, निळ्या-लाल रेषांच्या दरम्यान निर्बंध असतात. जुने घर पाडून नवे बांधण्याच्या विचाराने येणाऱ्या माणसाला हे आधीच कळले पाहिजे. विसार दिल्यानंतर कळले तर व्यवहार मोडतो आणि संबंधही.

गृहचैत्यालयाची व्यवस्था शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. प्रतिमा पुण्याच्या घरी न्यायच्या की गावच्या जिनमंदिरात विराजमान करायच्या, हे पंडितजींना विचारून वेळेवर ठरवावे. घर पाहणाऱ्यांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी ते झाले तर उत्तम. देव्हाऱ्यातील जुन्या पोथ्या, जीर्ण झालेली जिनवाणी रद्दीत जाणार नाही याकडेही पाहावे. आण्णांच्या देव्हाऱ्यात दिव्यावर काचेची चिमणी होती. पतंग दिव्यावर झेपावू नयेत म्हणून आण्णांच्या आईंनी ती आणलेली. लाकडी देव्हाऱ्याला साठ वर्षांत कधी आग लागली नाही, त्याला तीही कारण असावी.

चैत्रात घर पाहायला जे कुटुंब आले ते पलीकडच्याच गल्लीतले निघाले. प्राथमिक शाळेतील शिक्षक, त्यांच्या पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि शिक्षकांची आई. आण्णांनी सोप्यात बसवून फाइल पुढे ठेवली आणि पहिल्यांदा भिंतीवरची रेघ दाखवली.

"इथवर पाणी होतं. चार फूट."

"आमच्या भाड्याच्या घरात पाच होतं, काका," शिक्षक म्हणाले. "सांगलीत पाणी आलं नव्हतं म्हणणाऱ्याचं घर आम्ही पुढं बघतच नाही. आतापर्यंत तीन घरं बघितली, तिन्ही नवीन रंगवलेली."

माजघरातील चौकट त्यांनी खाली वाकून पाहिली, दगडी तळखड्यावर हात फिरवला आणि वाळवीच्या जोखमीपोटी किंमत थोडी कमी करावी असे सांगितले. पुण्याहून आलेल्या मुलाने आणि त्यांनी अर्धा तास घासाघीस करून एक आकडा ठरवला. तो मुलाच्या मूळ अपेक्षेपेक्षा कमी होता, पण त्याने मनाशी धरलेल्या भीतीच्या आकड्यापेक्षा बराच वर होता. वायरमनचा अहवाल शिक्षकांच्या पत्नींनी उभ्या उभ्या सगळा वाचला आणि फळीवरचे चाचणीचे बटण स्वतः दाबून पाहिले. घरातले पंखे एकदम थांबले, तशी मुलगी हसली.

शिक्षकांच्या आई तोवर परड्यात पोचल्या होत्या. आडाच्या जाळीला लावलेले कुलूप हातात धरून त्यांनी आईंना विचारले, "वहिनी, ह्याची किल्ली कुठं ठेवता?"

आईंनी कमरेची किल्ली काढून दिली आणि झाकण कसे उचलायचे ते दाखवले.